घोडं अस्तरापाशी अडतं

कपाटाच्या वरच्या कप्प्यात अर्धवट गोधड्यांचा एक गठ्ठा असतो. इरकलीच्या तुकड्यांचा एक पदर, खणांचा एक, जुन्या सुती शर्टांचा एक, शिवाय एक बाळासाठी आरंभलेला. ते बाळ आता पाठीला दप्तर लावून शाळेत जातं. तुकडे कापून, जोडून, इस्त्री करून घड्या घातलेल्या आहेत. मागे अस्तर नाही, मध्ये भरण नाही, धावदोरा नाही, म्हणून यातल्या एकालाही अजून गोधडी म्हणता येत नाही. क्विल्ट करणारी मंडळी या अवस्थेला ‘टॉप’ म्हणतात. आपण वरचा पदर म्हणू.

असा गठ्ठा दिसला की घरातलं कुणीतरी ‘आरंभशूर’ म्हणून मोकळं होतं, आणि शिवणारीलाही ते मनातून पटलेलं असतं. मग उत्साह कुठून आणायचा याचा शोध सुरू होतो. पण ज्या हातांनी दोनशे सोळा तुकडे न कंटाळता जोडले, त्यांना उत्साहाची वानवा कशी असेल? (आकडा हवेतला नाही. साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब अशा एका माणसाच्या गोधडीला ५ इंची चौकोन १२ गुणिले १८, म्हणजे २१६ लागतात. प्रत्येक कडेला पाव इंच शिलाईची माया धरून चौकोन साडेपाच इंचांचा कापायचा.) घोडं अडतं ते काम बदलतं त्या ठिकाणी. जोडकाम खुर्चीत बसून होतं, दर संध्याकाळी एक ओळ वाढलेली दिसते, लालाशेजारी हिरवा ठेवू की मोरपंखी, असले छोटे, गोड निर्णय घ्यायचे असतात. शेवटचा तुकडा जोडला की हे सगळं एकदम संपतं. पुढे अस्तराचं माप, गुडघ्यांवर बसून तिन्ही थर टाचणं, आणि एकाच रंगाच्या दोऱ्याने मैलभर धावदोरा.

मैलभर ही अतिशयोक्ती झाली, पण हिशेब करून बघायला हरकत नाही. साठ बाय नव्वदच्या गोधडीवर उभ्या ओळी दोन-दोन इंचांवर घातल्या तर साधारण ३० ओळी होतात, प्रत्येक नव्वद इंचांची. म्हणजे २,७०० इंच, सुमारे ६९ मीटर शिवण. एक-एक इंचावर घातल्या तर १३७ मीटर. एका ओळीला वीस मिनिटं धरली तर पहिल्या प्रकारात दहा तास, दुसऱ्यात वीस. रोज अर्धा तास बसलं तर वीस दिवस किंवा चाळीस दिवस. यातला कोणताच आकडा घाबरण्यासारखा नाही. घाबरवतो तो न मोजलेला ढीग.

आपल्याकडच्या जुन्या गोधडीला हा कप्पाच नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. दुपटं, चौघडी या नावांतच पदर मोजलेले आहेत. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर ठिगळं ठेवत जायची, आणि ठेवत जाताना सगळे थर एकदमच शिवायचे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, आजही अशीच होते. एका कोपऱ्यापासून कडेकडेने सुरुवात, तुकडा ठेवला की लगेच त्यातून धावदोरा, फेरे घेत घेत आत मध्यापर्यंत. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची फुलं. या पद्धतीत ‘वरचा भाग झाला, आता पुढचं कधी तरी’ असं म्हणायला जागाच नाही. अर्धवट कवंदी असू शकते, पण नुसता वरचा पदर असू शकत नाही.

वरचा पदर वेगळा तयार करायची रीत अमेरिकेतून आलेल्या क्विल्टची. पण तिथेही पूर्वी एकटीने जोडलेले पदर साठवून ठेवत आणि मग शेजारणींना बोलावून, लाकडी चौकटीवर ताणून, चारही बाजूंनी बसून पुरे करत. टॉप एकटीचा, पुढचं काम चौघींचं. आपल्या अंगणातही वाकळ अंथरून, कोपऱ्यांवर दगड ठेवून, चार जणी चार बाजूंना बसत. म्हणजे जिथे पदर वेगळा होत असे तिथे पुढे माणसं होती, आणि जिथे बाई एकटी होती तिथे पदर वेगळा होत नसे. आज फ्लॅटमधल्या शिवणारीने पदर वेगळा ठेवायची सवय उचलली आणि माणसं मात्र उचलली नाहीत. गठ्ठा त्यातून तयार झाला आहे. त्याचं खापर स्वतःच्या स्वभावावर फोडून उपयोग नाही.

तेव्हा पहिलं काम सुईचं नव्हे, चिठ्ठीचं. गठ्ठा पूर्ण उलगडावा, एकेक पदर पलंगावर पसरावा आणि प्रत्येकाला टाचणीने कागद लावावा. त्यावर तीन गोष्टी: लांबी-रुंदी, हा नेमका कशासाठी थांबलाय, आणि त्यासाठी घरात काय आहे, काय आणायचंय. ‘वेळ नाही’ असं लिहायचं नाही, ते सगळ्यांनाच लागू आहे. लिहायचं ते ‘अस्तर नाही’, ‘काठ लहरतोय’, ‘लाल रंग जातो का ते पाहिलेलं नाही’, ‘कोणती नक्षी घालू ठरत नाही’, किंवा सरळ ‘आता आवडत नाही’. बहुतेक चिठ्ठ्यांवर अस्तर नाही हेच निघेल. दहा तासांच्या कामाला दुकानातली एक खेप अडवून बसलेली असते.

अस्तराचं माप वरच्या पदरापेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त हवं, कारण शिवताना थर सरकतात आणि भरणाच्या फुगवट्यात कापड खाल्लं जातं. साठ बाय नव्वदला ६८ बाय ९८. एका सहावारी साडीत हे आरामात बसतं. साडेपाच मीटरचे दोन अर्धे केले तर पावणेतीन मीटरचे दोन तुकडे मिळतात, ते लांबीत शेजारी-शेजारी जोडले की रुंदी सव्वादोन मीटरच्या जवळ जाते. मात्र जोडाच्या बाजूचे काठ काढून टाकावेत. दोन काठ एकमेकांवर आले की मधोमध दोरीसारखी ताठ रेघ होते, सुई तिथे अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते. साडी जुनी असेल तर आधी उजेडापुढे धरावी. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो. दोन अंगठ्यांनी ओढून पाहिल्यावर करकर आवाज आला तर तो भाग अस्तराला घेऊ नये, आत भरणात घालावा.

साडी नसेल तर मांजरपाट. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच असेल तर दोन लांबी लागतात, म्हणजे पाच मीटर. मांजरपाट भरपूर आटतो म्हणून सव्वापाच आणून, धुऊन, वाळवून मगच कापावा. चार-पाच पदर अडलेले असतील तर सगळ्यांचा मांजरपाट एकाच दिवशी आणून, एकत्र धुऊन, प्रत्येकाच्या घडीत ज्याचा त्याचा तुकडा ठेवून द्यावा. या एका दिवसाने गठ्ठ्याचं रूप पालटतं.

आता भरण. पिंजलेला सुटा कापूस घालायचा तर ओळींमधलं अंतर दोन-तीन इंचांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पहिल्या धुण्यात गोळे होतात. तयार सुती बॅटिंग, म्हणजे विकत मिळणारा भरणाचा सलग थर, असेल तर पाकिटावर ओळींमधलं जास्तीत जास्त अंतर दिलेलं असतं, ते पाळावं. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे नव्वद इंचांत तीन-चार इंच. स्वस्त पॉलिस्टर भरणाचे तंतू विरळ विणीच्या कापडातून केसांसारखे बाहेर डोकावतात, जुन्या साडीबरोबर ते घेऊच नये. आपल्या हवेला सगळ्यात समंजस भरण म्हणजे जुनी सुती चादर किंवा दोन धोतरं. सुई सहज जाते, वजन कमी राहतं, आणि मे महिन्यातही मांडीवर घेऊन बसवतं.

टाचायच्या आधी पदराची दुखणी बघावीत, कारण वर्षभर घडीत पडलेला पदर जसाच्या तसा घेता येत नाही. घडीच्या रेषा पाणी शिंपडून इस्त्रीने काढाव्यात. कसर लागली असेल तर बारीक भोकं दिसतात, तिथे मागून ठिगळ. खण आणि गडद लाल-निळ्या कापडांचा रंग तपासायला ओल्या पांढऱ्या फडक्याने दोन मिनिटं घासावं. फडक्यावर रंग आला तर ती गोधडी कायम गार पाण्यात, वेगळी धुवायची, हे आत्ताच चिठ्ठीवर लिहावं. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर फार विसंबू नये.

सगळ्यात जास्त पदर अडतात ते लहरत्या काठापायी. पदर जमिनीवर पसरला की मध्य सपाट आणि कडा झालरीसारख्या. कारण ठरलेलं असतं: काठाची पट्टी लांब घेऊन कडेला लावत गेलं आणि उरलेली कापून टाकली. कड ताणली जाते आणि तिच्याबरोबर पट्टीही जास्तीची जाते. उपाय एकच, आणि तो नावडता आहे. काठ उसवावा. पदराचं माप कडेला न घेता मधोमध घ्यावं, दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या कापाव्यात, पट्टीचे आणि कडेचे चौथाई भाग टाचण्यांनी जुळवून मग शिवावं. उसवायला एक संध्याकाळ जाते. ‘शिवताना जिरून जाईल’ अशी आशा धरली तर ती लहर शेवटी कोपऱ्यात चुणी होऊन बसते.

टाचणं हा खरा उंबरठा. गुळगुळीत फरशी पुसून घ्यावी, अस्तर उलटी बाजू वर करून पसरावं, चारही बाजूंचे मध्य आधी आणि कोपरे नंतर चिकटपट्टीने फरशीला लावावेत. अस्तर सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून लावलेलं कापड पट्टी सोडल्यावर आखडतं आणि मागे सुरकुत्यांचं जाळं होतं. त्यावर भरण, मधून बाहेर हात फिरवत. त्यावर वरचा पदर, सुलटी बाजू वर. मग जाड सुईत पांढरा सुती दोरा घेऊन मध्यापासून बाहेर अशी आधी एक अधिकची खूण, आणि नंतर तळहाताच्या अंतरावर, म्हणजे चार इंचांवर, कच्च्या टाक्यांच्या ओळी. टाका दोन-अडीच इंचांचाही चालतो. रंगीत दोरा घेऊ नये, त्याचा रंग फिक्या कापडावर उतरू शकतो. दोघी असतील तर दीड-दोन तासांत होतं. एकटीला दुपार लागते आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात.

मध्यापासूनच का? कवंदीत कडेपासून आत गेलेलं चालतं, कारण तिथे वरचे तुकडे जाता जाता ठेवले जातात आणि थर सरकले तरी पुढचा तुकडा ते सामावून घेतो. आपला पदर आधीच पूर्ण जोडलेला. कडेपासून आत गेलं तर सरकलेलं सगळं कापड मध्याकडे ढकललं जातं आणि त्याला तिथून पळायला वाट नसते, मग नेमकी मधोमध चुणी पडते. जुन्या रीतीचा मान ठेवूनही, तयार पदरासाठी ती उसनी घेऊ नये.

सेफ्टी पिनांनीही टाचता येतं. चार-चार इंचांवर लावल्या तर साडेतीनशेच्या आसपास लागतात. मशीनवर शिवणार असाल आणि आठवड्यात पुरं करणार असाल तरच पिना. टाचलेली गोधडी श्रावणापर्यंत तशीच राहिली तर दमट हवेत पिना गंजतात आणि प्रत्येक पिनेखाली तांबूस ठिपका उमटतो, जो नंतर निघत नाही. जिला आपल्या गतीची खात्री नाही तिने दोऱ्याने टाचावं.

मुंबईतल्या खोलीत अस्तर पसरायला जवळपास सहा बाय सव्वाआठ फूट मोकळी फरशी कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. पडद्याच्या दोन लाकडी दांड्या घ्याव्यात, एकीवर अस्तर आणि दुसरीवर वरचा पदर गुंडाळावा, आणि जेवणाच्या टेबलावर दीड-दोन फूट उलगडत, मध्ये भरण घालत, टाचत पुढे सरकावं. इथे एका टोकापासून सुरुवात होते, तरी दोन्ही कापडं गुंडाळीमुळे सारखी ताठ राहत असल्याने चुणी पडत नाही. वेळ थोडा जास्त जातो, गुडघे वाचतात. गच्ची मोहात पाडते खरी, पण वारा वैरी असतो.

टाचण्यासाठी मात्र कुणाला तरी बोलवावं. बाकी सगळं एकटीने जमतं. पूर्वीच्या अंगणातलं एवढं एक परत आणता आलं तरी अर्धं काम झालं: दोन मैत्रिणींनी एका रविवारी हिचे दोन पदर टाचावेत, पुढच्या रविवारी तिचे दोन. नुसता पदर कपाटात राहतो, टाचलेली गोधडी मात्र सोफ्याच्या हातावर टाकता येते आणि बातम्या ऐकता ऐकता मांडीवर ओढता येते. गठ्ठा ठेवायचाच असेल तर टाचलेल्यांचा ठेवावा.

नक्षीवर फार वेळ घालवू नये. ‘कोणती नक्षी घालू’ या एका प्रश्नावर पदर वर्षानुवर्षं अडतात. कापड रंगीबेरंगी असेल तर नक्षी तसंही दिसत नाही. सरळ ओळी घालाव्यात. आखायला साबणाची कोरडी चिपटी उत्तम, धुण्यात जाते. इंचभर रुंदीची चिकटपट्टीही चालते, फक्त ती रात्रभर लावून ठेवू नये, गोंद उतरतो. इस्त्रीने पुसल्या जाणाऱ्या पेनाच्या रेघा थंडीत पुन्हा उमटू शकतात.

हाताने शिवायचं तर दोरा हात-दीड हाताचाच घ्यावा. लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं, पण तो गुंततो आणि कापडातून पन्नासदा ओढला जाऊन झिजतो. दोरा जाड सुती. जुन्या कापडाला नायलॉनचा चिवट दोरा वापरला तर ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड टाक्याच्या रेषेत फाटतं. गाठ वरच्या पदरातून आत ओढून भरणात लपवावी. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. बसण्याआधी आठ-दहा सुयांत दोरा ओवून ठेवावा, कारण ओवायला थांबलं की उठायचं निमित्त मिळतं. आणि दिवसाचं काम ओळ संपवून थांबवू नये, ओळीच्या मध्यात थांबवावं. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा प्रश्नच राहत नाही. (सुई कापडात टोचून ठेवायची ती फक्त कोरड्या ऋतूत. पावसाळ्यात डबीत.)

मोजायचं ते ओळींत. चिठ्ठीवर तीस उभ्या रेघा ओढून रोज एक-दोन खोडाव्यात. ‘सात गोधड्या बाकी’ हा आकडा हात उचलू देत नाही, ‘अकरा ओळी बाकी’ उचलू देतो.

मशीनवर काम पटकन होतं, पण घरगुती मशीनच्या मानेखाली अर्धी गोधडी गुंडाळून सरकवावी लागते आणि तिचं वजन खाली लोंबलं की टाके लहान-मोठे होतात. डाव्या बाजूला दुसरं टेबल लावावं. टाका ३ मिलिमीटरचा, सुई १४ नंबरची. कापड दाबून धरणारं मशीनचं साधं फूट वरचा थर पुढे ढकलतं आणि दाते खालचा मागे ओढतात, म्हणून दोन्ही थर बरोबर सरकवणारं वॉकिंग फूट घ्यावं. सगळ्या ओळी एकाच दिशेने शिवाव्यात. एक खाली, एक वर असं केलं की दोन ओळींमध्ये कापड तिरकं पिळलं जातं.

आणि ज्या पदराला तीस ओळींचीही योग्यता वाटत नाही, त्याला गाठी माराव्यात. सहा-सहा इंचांवर साठ बाय नव्वदला १५० गाठी. सहापदरी दोरा वरून खाली, खालून वर काढायचा, उजवं टोक डाव्यावरून बांधायचं, मग डावं उजव्यावरून, आणि अर्धा इंच ठेवून कापायचं. दोन संध्याकाळी. अट एवढीच, की भरण सुट्या कापसाचं नसावं.

पहिला कोणता घ्यायचा? सगळ्यात सुंदर पदर पहिला घेऊ नये. हात सुटलेला असतो, पहिल्या दहा ओळी वाकड्या जातात, आणि सुंदर पदरावर त्या सोसवत नाहीत. बाळाचं दुपटं घ्यावं. छत्तीस बाय पंचेचाळीसला १८ ओळी, जेमतेम २१ मीटर, मोठ्या गोधडीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. बाळ मोठं झालं म्हणून काय बिघडलं, दुसरं कुणाकडे तरी येतच असतं.

‘आता आवडत नाही’ अशी चिठ्ठी लागलेल्या पदरांशी भांडत बसू नये. मोठा पदर कापायला हात धजत नाही हे खरं, पण त्यातून चार आसनं, सहा उशांचे अभ्रे किंवा दोन दुपटी निघतात. नाहीतर तो गोधड्या शिवून देणाऱ्या एखाद्या बचत गटाकडे मजुरी देऊन सोपवावा. अमेरिकेतल्या शिवणाऱ्या मोठ्या लाँगआर्म मशीनवाल्यांना चौरस इंचाच्या भावाने पैसे देऊन हेच करतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सगळं आपल्याच हातचं हवं हा आग्रह चार बाजूंना चौघी बसत होत्या तेव्हा कुणाचाच नव्हता.

कडेला दोन वाटा. जास्तीचं अस्तर दीड इंच ठेवून कापावं, दोनदा दुमडून वर आणावं आणि हेम घालावी, झालं. वेगळी पट्टी लावायची तर घेर ३०० इंच, कोपरे-जोडांसाठी १२ वर. अडीच इंची पट्ट्या ४४ इंच पन्ह्यातून आठ निघाल्या की पुरतं, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडं जास्त कापड. कडा सरळ असतील तर उरेप, म्हणजे तिरक्या कापाच्या, पट्टीची गरज नाही. या पट्ट्या अस्तर आणायला जाल तेव्हाच आणाव्यात, नाहीतर गोधडी शेवटच्या दोन तासांसाठी पुन्हा कपाटात जाते.

मग कच्चे टाके काढावेत, गार पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, न पिळता टॉवेलमध्ये दाबावी आणि सावलीत आडवी वाळत घालावी. ओली गोधडी दोरीवर टांगली तर पाण्याच्या भाराने टाके ताणतात. वाळल्यावर भरण आटलेलं असतं, कापडावर बारीक सुरकुत्या आलेल्या असतात, आणि ज्या वाकड्या ओळीसाठी ती तीनदा उसवायची ठरली होती, ती ओळ त्यात शोधूनही सापडत नाही.